मालिकेचा दुसरा भाग कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील पुस्तकांच्या पानावर चरित्रे, कवितासंग्रह, ग्रामीण कादंबऱ्या यांची दखल नियमाने घेतली जाते. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा मात्र तिथे क्वचित येतात, आणि आल्या तरी 'बालवाचकांसाठी' अशा चौकटीत. शहरातील बऱ्याच वाचनालयांतही हेच चित्र आहे. त्यामुळे सोलापुरात सध्या सर्वांत जाड पुस्तके कोण वाचते आहे, याचा पत्ता ना पुरवणीला लागतो ना वाचनालयाला. बारावीची, अभियांत्रिकीची, फार्मसीची मुले आणि नुकते नोकरीला लागलेले तरुण हजार-हजार पानांचे भाग वाचत आहेत. ते काय वाचतात, कुठे अडतात आणि ती अडचण कशी दूर करता येईल, हे जरा विस्ताराने मांडण्यासाठी हे पत्र.

मूळ मुद्दा एवढाच आहे की हा वाचक सुटे पुस्तक वाचत नाही, मालिका वाचतो. वाचनालये आणि परीक्षणे मात्र प्रत्येक पुस्तक सुटे समजतात. पहिला भाग कपाटात, दुसरा कधी आणलाच नाही, तिसरा कोणीतरी भेट दिला म्हणून आला, अशी अवस्था असते. क्रम चुकला की कथा कळत नाही, पुस्तक अर्ध्यावर परत जाते आणि मग 'मुलांत चिकाटी राहिली नाही' असा निष्कर्ष निघतो.

उदाहरण म्हणून ब्रँडन सँडरसन घेऊ, कारण अद्भुतकथा वाचणाऱ्या तरुणांत सध्या हे नाव सर्वांत जास्त ऐकू येते. त्यांच्या 'द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' मालिकेचे पाच मोठे भाग झाले आहेत: 'द वे ऑफ किंग्ज' (२०१०), 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' (२०१४), 'ओथब्रिंगर' (२०१७), 'ऱ्हिदम ऑफ वॉर' (२०२०) आणि 'विंड अँड ट्रुथ' (२०२४). मध्ये दोन लघुकादंबऱ्या आहेत. 'एजडान्सर' दुसऱ्या भागानंतर वाचायची आणि 'डॉनशार्ड' तिसऱ्यानंतर. त्या गाळल्या तर पुढच्या भागात काही माणसे अचानक बदललेली दिसतात आणि कारण सापडत नाही. याहून मोठा घोळ खरेदीत होतो. आपल्याकडे या मालिकेची ब्रिटिश पेपरबॅक आवृत्ती येते आणि तिच्यात सुरुवातीचे भाग प्रत्येकी दोन पुस्तकांत विभागले आहेत. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'द वे ऑफ किंग्ज' आणि बारीक अक्षरांत 'पार्ट वन'. ज्याला हे माहीत नाही तो 'द वे ऑफ किंग्ज, पार्ट वन' घेतो, ते संपले की 'वर्ड्स ऑफ रेडियन्स, पार्ट वन' घेतो आणि अर्धी कादंबरी न वाचताच पुढे सरकतो. ऑनलाइन मागवताना तर 'पार्ट टू' म्हणजे मालिकेचा दुसरा भाग, असाच समज होतो. वाचनालयाने घेताना पानांची संख्या पाहावी. अखंड पुस्तक हजार पानांच्या आसपास असते. पाच-सहाशेच पाने दिसली तर तो अर्धा भाग आहे.

नव्या वाचकाने मात्र इथून सुरुवात करूच नये. त्याच लेखकाची 'मिस्टबॉर्न' ही पहिली त्रयी (२००६ ते २००८) घ्यावी. ती तीन भागांत पूर्ण होते. तिच्यातील जादू पदार्थविज्ञानाच्या नियमासारखी चालते. धातूचा कीस गिळायचा आणि तो अंगात 'जाळायचा'. प्रत्येक धातूची शक्ती वेगळी. कथिलाने इंद्रिये तीक्ष्ण होतात, लोखंडाने जवळची धातूची वस्तू ओढता येते, पोलादाने ढकलता येते. पण ढकललेली वस्तू आपल्यापेक्षा जड असेल तर मागे आपण फेकले जातो. म्हणून या कथेतील माणसे जमिनीवर नाणे टाकून त्याला खाली ढकलतात आणि स्वतः छपरावर पोहोचतात. न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या मुलाला हे का आवडते, हे वेगळे सांगायला नको. जादू म्हणजे वाटेल ते, अशी जी समजूत जुन्या वाचकांत आहे ती या एका मालिकेने दूर होईल.

विज्ञानकथेत पहिले पुस्तक म्हणून अँडी वीअर यांचे 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) द्यावे. एकच भाग, क्रमाची भानगड नाही. सूर्याचे तेज कमी होऊ लागले आहे आणि त्यावर उपाय शोधायला निघालेल्या यानात एक शाळामास्तर जागा होतो, स्मृती गेलेली. आपण कुठे आहोत हे तो कसे ओळखतो? वस्तू खाली टाकून, पडायला लागलेला वेळ मोजून तो गुरुत्वत्वरण काढतो आणि उत्तर पृथ्वीवरचे ९.८ येत नाही. अकरावीचे गणित इतक्या थरारात वापरलेले दुसरे पुस्तक दाखवणे कठीण आहे. इंग्रजी सोपे आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलालाही दोन-तीन प्रकरणांत सराव होतो.

ल्यू त्सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'बद्दल मात्र आधी सूचना द्यावी लागते. २०१५ साली या चिनी पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला विज्ञानकथा-अद्भुतकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि २०२४ च्या नेटफ्लिक्स मालिकेनंतर मागणी एकदम वाढली. पण अनेक जण पहिल्या पन्नास-साठ पानांतच थांबतात. कारण सरळ आहे: इंग्रजी पुस्तक १९६७ सालच्या चीनमधील सांस्कृतिक क्रांतीने सुरू होते आणि परग्रहावरचे काही वाचायला बसलेला माणूस गोंधळतो. चिनी पुस्तकात हा मजकूर मध्यावर होता. इंग्रजीत तो लेखकाच्या मूळ इच्छेप्रमाणे सुरुवातीला आला. पुढे एका शास्त्रज्ञ स्त्रीने जो निर्णय घेतला त्याचे मूळ याच पानांत आहे, म्हणून ती गाळू नयेत. दुसरी अडचण नावांची. चिनी पद्धतीत आडनाव आधी येते, हे ध्यानात ठेवून दहा-बारा नावे कागदावर लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवावीत. आणि वाचनालयाने ही त्रयी घ्यायची तर तिन्ही भाग घ्यावेत, कारण पहिला भाग प्रश्न उभा करून संपतो आणि विश्वात परग्रहवासीयांची चाहूल का लागत नाही, याचे जे उत्तर या मालिकेने दिले ते दुसऱ्या भागात, 'द डार्क फॉरेस्ट'मध्ये आहे. आमच्या मते तिघांत तोच भाग श्रेष्ठ.

फ्रँक हर्बर्ट यांचे 'ड्यून' १९६५ चे, पण २०२१ आणि २०२४ च्या चित्रपटांमुळे पुन्हा हातोहाती फिरते आहे. यात एकच गोष्ट सांगायची: शेवटी परिशिष्टे आणि शब्दसूची आहे. पहिल्याच पानापासून अनोळखी शब्द कोसळतात आणि सूची मागे आहे हे न कळल्याने वाचक वैतागतो. लेखकाने स्वतः सहा भाग लिहिले; दुसऱ्या भागाशी, 'ड्यून मसाया'शी, नायक पॉलच्या कथेचे एक वर्तुळ पूर्ण होते. तिथे थांबले तरी चालते.

वेळ कमी असणाऱ्यांसाठी मार्था वेल्स यांची 'मर्डरबॉट' मालिका आहे. पहिले 'ऑल सिस्टम्स रेड' (२०१७) जेमतेम दीडशे पानांचे. निवेदक एक सुरक्षा-यंत्र आहे. त्याने स्वतःवरचे नियंत्रण मोडले आहे आणि आता त्याला फक्त निवांत मालिका बघायच्या आहेत. इथे प्रकाशनाचा क्रम आणि कथेचा क्रम वेगळा आहे: 'फ्युजिटिव्ह टेलिमेट्री' २०२१ चे असले तरी त्यातील घटना २०२० च्या 'नेटवर्क इफेक्ट'च्या आधी घडतात.

रहस्यकथांची ज्यांना गोडी आहे त्यांनी रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांचे 'द टेन्टेड कप' जरूर पाहावे. २०२५ चा ह्यूगो त्याला मिळाला. एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून त्याचा मृत्यू होतो. तपास करणारी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसते आणि पाहिलेले काहीही न विसरणारा तिचा साहाय्यक तिला सगळे आणून सांगतो. शेजारच्या श्रीलंकेतील वज्र चंद्रशेखर यांच्या 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स'ला नेब्युला हा ह्यूगोसारखाच मानाचा पुरस्कार मिळाला आहे; आपल्या उपखंडातले राजकारण आणि धर्म त्यात इतके ओळखीचे आहेत की ते इथल्या वाचकाला परदेशी वाटत नाही.

पालकांसाठी आणि ग्रंथपालांसाठी एक स्पष्ट सूचना. ड्रॅगन, तलवारी आणि सोनेरी नक्षीची मुखपृष्ठे पाहून रेबेका यॅरॉस यांची 'फोर्थ विंग' (२०२३) मालिका किंवा सेरा जे. मास यांची पुस्तके बालविभागात ठेवली जातात. ती प्रौढांची प्रेमकथा-अद्भुतकथा आहे आणि त्यात उघड शरीरसंबंधांची वर्णने आहेत. पुस्तके वाईट नाहीत, जागा चुकीची आहे. ती प्रौढ विभागात असावीत. हेच उलट्या दिशेनेही होते: टोल्किन यांचे 'द हॉबिट' (१९३७) दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवण्याजोगे आहे, तर ते प्रौढांच्या इंग्रजी कपाटात धूळ खात असते.

आता मराठीकडे. सर्वांत जास्त तळमळ इथेच वाटते. इंग्रजी मालिका वाचणाऱ्या मुलाला मराठीत हे सगळे आहे याची कल्पनाच नसते, आणि ते त्याला सांगणारे कोणी नसते. सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात जयंत नारळीकरांचा 'द अ‍ॅडव्हेंचर' हा धडा आहे. पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी चुकली असती तर काय झाले असते, याची ती कथा. धडा शिकलेल्या किती मुलांना ठाऊक असते की हे लेखक मराठीत लिहीत होते? नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर त्यांच्या खगोलशास्त्रावर पुष्कळ लिहिले गेले. कथांचा क्रम कोणी लावून दिला नाही. तो असा असावा: आधी 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह, त्यातही 'उजव्या सोंडेचा गणपती' प्रथम. मोबियस पट्टीची (एक पीळ देऊन टोके जोडलेली, एकच बाजू असलेली पट्टी) कल्पना, आरशातल्यासारखा उलटलेला माणूस आणि क्रिकेट हे तिन्ही एका छोट्या कथेत नीट बसले आहे. मग 'प्रेषित' आणि त्यानंतर 'वामन परत न आला'. जमिनीखाली सापडलेली पेटी, तिच्यातील माहितीवरून घडवलेला यंत्रमानव आणि त्याच्यावर ताबा कोणाचा हा प्रश्न. १९८६ च्या या कादंबरीतील भीती आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत रोज ऐकू येते. त्यांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत पहिली आली होती. नाव बाजूला ठेवून कथेचा निवाडा व्हावा म्हणून त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती.

नारळीकरांपाशीच थांबू नये. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा आणि त्यांनी चिंतामणी देशमुखांसह लिहिलेली 'देवांसि जिवे मारिले', सुबोध जावडेकरांचे 'गुगली' आणि 'आकाशभाकिते', बाळ फोंडके यांच्या कथा, अरुण साधूंची 'विप्लवा' आणि 'स्फोट' हा पुढचा टप्पा. आज लिहिणाऱ्यांत मेघश्री दळवी यांच्या कथा आवर्जून शोधाव्यात. आणि आपल्या शहरात कन्नड वाचणारी घरे आहेतच, त्यांनी एस. एल. भैरप्पा यांची अंतराळयानावरची 'यान' ही २०१४ ची कन्नड कादंबरी मुळातून वाचावी.

भयकथाकार नारायण धारपांच्या पुस्तकांची मागणी 'तुंबाड' चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा झळकल्यावर फारच वाढली, आणि इथे एक चूक सर्रास घडते. वाचक 'तुंबाडचे पुस्तक' मागतो आणि त्याच्या हातात श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' पडते. चित्रपटाने त्या कादंबरीचे फक्त गावाचे नाव घेतले. ती कोकणातल्या एका घराण्याची कथा आहे, तिच्यात राक्षस नाही. चित्रपटातील आजीचा धागा धारपांच्या 'आजी' या कथेशी जोडलेला आहे. धारप म्हणजे केवळ भय, हेही खरे नाही. 'गोग्रामचा चितार' आणि 'नेनचिम' या त्यांच्या विज्ञानकादंबऱ्या आहेत आणि इंग्रजी वाचणाऱ्या तरुणाला मराठीत आणायला याच दोन पुरतात. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्यांनी स्टोरीटेल या श्राव्य पुस्तकांच्या अ‍ॅपवर धारप ऐकून पाहावेत. चार तासांत बराच पल्ला गाठता येतो. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांची 'अंधारवारी' आणि 'घनगर्द' ही त्याच वाटेवरची पुढची पुस्तके.

अनुवादांत टोल्किन यांची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे आणि 'द हॉबिट' मीना किणीकर यांनी. आधी हॉबिट, मग मुद्रिका. भा. रा. भागवतांनी केलेले ज्यूल व्हर्नचे अनुवाद तर वाचनालयाच्या जुन्या कपाटांतच सापडतील.

त्या जुन्या कपाटांसाठीच ग्रंथपालांना हात जोडून विनंती आहे. जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी करताना धारप, भागवत, लोंढे, निरंजन घाटे ही नावे दिसली की ते पुस्तक बाजूला काढावे. यातली कितीतरी पुस्तके पुन्हा छापली गेलेली नाहीत. बांधणीला देताना बाजूने टाके घालू देऊ नयेत. आतला समास आधीच अरुंद असतो, टाके ओळींच्या टोकांवर बसतात आणि पुस्तक उघडेनासे होते. फर्म्यांच्या (एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या) घडीतून शिलाई करून घ्यावी आणि कटिंग शक्य तेवढे कमी. दिवाळी अंकांचेही तसेच. 'धनंजय' आणि 'नवल'च्या जुन्या अंकांत ज्या विज्ञानकथा आणि गूढकथा आहेत त्या संग्रहांत आल्या असतीलच असे नाही. रद्दीत घालण्याआधी निदान त्या कथांची लेखकानुसार यादी करून ठेवावी.

वर्गीकरणाबद्दल. नावात 'विज्ञान' दिसले की पुस्तक ड्यूई वर्गीकरणातील ५०० क्रमांकाच्या, म्हणजे विज्ञानाच्या कपाटात, शालेय विज्ञान प्रकल्पांशेजारी जाते. विज्ञानकथा ही कथा आहे. मराठी कथा-कादंबरीचा ८९१.४६३ आणि इंग्रजीचा ८२३ हेच तिचे घर. तिथेच ठेवून कण्यावर एका रंगाची पट्टी लावावी, म्हणजे वाचकाला लांबून ओळखता येईल. त्याच पट्टीवर मालिकेचे नाव आणि '२/५' असा आकडा लिहावा. दाखल नोंदवहीतही शीर्षकापुढे हा आकडा यावा, नाहीतर पुढच्या खरेदीत तोच भाग पुन्हा येतो आणि हवा असलेला राहतो. वार्षिक अनुदानातून दहा मालिकांचे दहा पहिले भाग घेण्यापेक्षा दोन मालिका पूर्ण घ्याव्यात. पहिल्या भागाच्या दोन प्रती आणि पुढच्यांची एकेक पुरते, कारण सुरुवात सगळे करतात, शेवटपर्यंत थोडे जातात. देवघेवीची मुदतही पाहायला हवी. रोज चाळीस पाने वाचणाऱ्याला हजार पानांना पंचवीस दिवस लागतात. पंधरा दिवसांत पुस्तक परत मागितले तर दंड भरण्यापेक्षा तो वाचणेच सोडतो. आठशे पानांवरील पुस्तकांना महिन्याची मुदत द्यावी.

वाचनालयात मिळत नाही म्हणून वाचक स्वस्त बनावट प्रतींकडे वळतो. या प्रकारात त्या विशेष वाईट ठरतात. अद्भुतकथेच्या सुरुवातीला नकाशा असतो; बनावट प्रतीत तो करड्या डागासारखा उमटतो, गावांची नावे वाचता येत नाहीत आणि प्रवासकथेत कोण कुठे चालले आहे याचा पत्ता राहत नाही. घेण्याआधी नकाशाचे पान उघडावे. मग कागद उजेडाकडे धरावा. मागची छपाई पुढे दिसत असेल तर ठेवून द्यावा. शेवटी पानांचे आकडे पाहावेत. फर्मा सोळा पानांचा धरून दर सोळा पानांच्या सांध्यावर आकडा सलग आहे का ते बघावे. एखादा फर्मा दोनदा लागतो आणि एक गळतो, आणि हे तीनशेव्या पानावर कळून उपयोग नसतो. पैसे कमी असतील तर अस्सल पण जुनी प्रत घ्यावी. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात ती मिळते आणि सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येते. लहानांसाठी तर खर्चच नाही: बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत आहेत.

आपल्या पानाकडून मागणी छोटी आहे. पंधरा दिवसांतून एकदा, एका स्तंभाच्या अर्ध्या उंचीइतकी जागा. पुस्तकाचे नाव, मालिकेतला कितवा भाग, एकूण भाग किती, मालिका पूर्ण झाली की लेखक अजून लिहितो आहे, कोणत्या वयासाठी, आणि त्याच चवीचे मराठी पुस्तक कोणते. कथानक सांगू नये. पहिली पन्नास पाने कशी आहेत आणि वाचक कुठे अडू शकतो ते सांगावे. शहरातील वाचनालयांनी आपल्याकडे पूर्ण असलेल्या मालिकांची यादी पाठवली तर तीही तिथेच छापता येईल. पहिल्या सहा महिन्यांचा मजकूर आम्ही विनामोबदला लिहून द्यायला तयार आहोत. सुरुवात 'यक्षांची देणगी' आणि 'प्रोजेक्ट हेल मेरी' या जोडीने करावी, असे सुचवतो.

कळावे,
आपले नम्र,
विज्ञानकथा व अद्भुतकथांचे काही वाचक, सोलापूर